वसई कोकणात येते का?

मंडळाच्या निवडणुकीच्या त्या पाच आठवड्यांत माझ्याकडे शेवटी एकच काम उरलं होतं. जो सोडून गेला त्याचा फोटो आमच्या पॅनलच्या पोस्टरवरून काढायचा आणि उरलेले फोटो असे सरकवायचे की मधली रिकामी जागा दिसू नये. पहिल्या पोस्टरवर अकरा चेहरे होते. मेच्या शेवटी चार उरले. चार चेहऱ्यांत पान भरायचं तर ते मोठे करावे लागतात, आणि इतके मोठे केल्यावर ते शोकसभेच्या फलकासारखे दिसायला लागले. मी पोस्टर गटावर टाकलं तसा ताईंचा मेसेज आला, "बाय, हार तेवढा नको घालू."

ताई म्हणजे आमच्या अध्यक्षपदाच्या उमेदवार. वसईच्या कॅथलिक, वय अठ्ठावन्न, दुबईतल्या एका हॉटेलात कर्मचाऱ्यांच्या पगाराचं काम बघायच्या, राहायला शारजाला, अल मजाजमध्ये. अठरा वर्षं इथल्या मराठी मंडळात होत्या. साठी झाली की कंपनी त्यांना निरोप देणार होती आणि त्या कायमच्या वसईला जाणार होत्या. अध्यक्षपदाची मुदत दोन वर्षांची. म्हणजे ही निवडणूक, नाही तर कुठलीच नाही. हे त्यांनी स्वतः एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. मी मात्र प्रत्येक पत्रकात लिहीत होते.

पत्रकं लिहिणं मला घरातूनच आलं. मी यंत्रमागांच्या गावात वाढले. वडील तिथल्या युनियनचं काम करायचे आणि पत्रकं त्यांच्याच हातची असायची. वाटून उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, आई त्यांच्यावर वाटाण्याच्या शेंगा सोलायची, आणि 'जाहीर निषेध' हे शब्द मला स्वतःच्या नावाच्या आधी वाचता यायला लागले. वडिलांनी कधी पक्ष बदलला नाही आणि त्यांचा पक्ष कधी जिंकला नाही. घरात त्याचं दुःख नसायचं, उलट एक ताठा असायचा. तोच ताठा घेऊन मी इथे दुबईत आले, इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका गोदामाच्या ऑफिसात नोकरीला लागले आणि डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आणखी तीन मुलींबरोबर राहायला लागले.

इथे आल्या आल्या कुणीतरी प्रत्येकाला सांगतं की आपल्याकडचं राजकारण इथे करायचं नाही. कुणी करतही नाही. मग वर्षानुवर्षं न बोललेलं ते सगळं लोक मंडळात ओततात. आमचं मंडळ एका नोंदणीकृत क्लबच्या आधाराने चालतं, गणपती आणि दिवाळी करतं, एक सहल काढतं. त्याच्या निवडणुकीत मात्र पॅनल असतात, फोडाफोडी असते, नाराजांच्या घरी बिर्याणी घेऊन जाणं असतं. मला हे आवडायचं. मला वाटायचं, चला, इथेही काहीतरी लढण्यासारखं आहे.

आमच्याकडे अध्यक्षपद विभागवार फिरतं. ही पद्धत कुठून आली ते सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्यातच अडकलं. गणपतीत पाच दिवस हॉलवर जेवण असतं. स्वयंपाकावरून भांडणं नकोत म्हणून फार वर्षांपूर्वी कुणीतरी एक तक्ता केला होता. पहिला दिवस कोकणाचा, उकडीचे मोदक. दुसरा देशाचा, पुरणपोळी. तिसरा विदर्भ-मराठवाड्याचा, वडाभात. शेवटचे दोन दिवस केटरर. मुंबईत वाढलेल्यांनी आपापल्या मूळ गावाप्रमाणे कुठेतरी जायचं. तक्त्यात प्रत्येक विभागापुढे कंसात जिल्हे लिहिलेले होते, आणि कोकणापुढे तीनच होते: रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. मोदक वळणाऱ्या बायका तेवढ्याच जिल्ह्यांतल्या होत्या, म्हणून.

वसईच्या लोकांना दिवस नव्हता. गणपतीचा नैवेद्य ख्रिस्ती माणसाकडे कोण मागणार? ते पार्किंग बघायचे, रांगा लावायचे, पंगतीत वाढायला उभे राहायचे. डिसेंबरात नाताळाची पार्टी करून सगळ्या मंडळाला बोलवायचे आणि आम्ही सगळे जाऊन दोनदा वाढून घ्यायचो.

दोन वर्षांपूर्वी मी मंडळात नवीन होते आणि बघत होते की अध्यक्ष दर वेळी पुण्या-मुंबईच्या ऑफिसवाल्यांतलाच होतो. मी पत्रक लिहिलं. छापून वाटायची इथे सोय नाही, म्हणून पीडीएफ. त्यात एक वाक्य होतं: 'स्वयंपाकघरात पाळी चालते, तर खुर्चीला का चालू नये?' ते वाक्य लोकांनी उचललं. सर्वसाधारण सभेत टाळ्यांच्या गजरात ठराव झाला आणि मंडळाच्या घटनेत नवीन कलम आलं. कलमासोबत विभागांची यादी हवी होती. मी तक्त्यातली जशीच्या तशी उतरवली, कंसांसकट.

पत्रक आणि ठराव मी वडिलांना पाठवले. ते फोनवर म्हणाले, "भाषा बरी आहे." मग विचारलं, "जिल्ह्यांची यादी कुणी केली?"

"आधीच होती. जेवणाच्या तक्त्यातली."

"हं," ते म्हणाले आणि आईकडे फोन दिला. मला त्या 'हं'चा राग आला होता.

त्या वर्षी पहिली मुदत विदर्भ-मराठवाड्याला दिली आणि नागपूरचे एक इंजिनिअर अध्यक्ष झाले. यंदा कोकण. ताई उभ्या राहिल्या तेव्हा मला वाटलं, ह्यात वाद कसला? आमचे पॅनलप्रमुख, ज्यांना सगळे काका म्हणतात, स्वतः ताईंच्या घरी जाऊन त्यांना उभं राहायला सांगून आले होते. काका नाशिकचे, दुकानांच्या आतल्या सजावटीची कंत्राटं घेतात. मग समोरच्या पॅनलने रत्नागिरीच्या, बँकेत असलेल्या एका सरांना उभं केलं आणि मंडळाच्या गटावर एका ओळीचा प्रश्न टाकला: वसई कोकणात येते का?

पुढचे आठ दिवस तीनशे माणसांनी दुसरं काही केलं नाही. कुणी शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातलं पान टाकलं, उत्तर कोकणात पालघर स्पष्ट छापलेलं. त्यावर उत्तर आलं, "मग मोदकांची उकड काढायला कधी आला नाहीत ते?" एकाने विचारलं, वसईत फणस होतो का. वसईच्या एका तरुणाने दारातल्या झाडाचा, फणसांसकट, फोटो टाकला. "विकत आणून टांगलेत," असा निर्णय पलीकडून झाला. एका बाईंनी लिहिलं की विरारच्या पुढे तर गुजरात सुरू होतो. ताईंनी फक्त एकदाच लिहिलं, "आमच्याकडे भात, नारळ आणि मासे आहेत. बाकी तुम्ही ठरवा."

ह्या गोंधळात आमच्यातले पहिले तीन गेले. प्रत्येक जण जाताना सांगायचा की ताईंबद्दल आदर आहे.

मेच्या दुसऱ्या रविवारी मी आणि काका इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या कामगारांच्या वस्तीवर गेलो. तिथे आमचे चाळीसेक सभासद होते, बहुतेक सगळे कुडाळ-मालवण बाजूचे, बिल्डिंगला परांच्या बांधणारे. त्यांची मतं त्यांचा फोरमन सांगेल तिकडे जायची. काकांना एक फोन आला म्हणून ते गाडीतच थांबले, मी एकटी आत कॅन्टीनमध्ये गेले. रविवारची दुपार. धुतलेले कपडे खिडक्यांना लटकलेले, टीव्हीवर क्रिकेट. फोरमनने माझ्यासाठी चहा मागवला.

"मॅडमनू, तुमचा पत्रक हंय सगळ्यांनी वाचल्यानी," तो म्हणाला.

"नवीन पत्रक?"

"नवीन न्हय, जुना." त्याने फोन काढला. दोन वर्षांपूर्वीचा माझा ठराव त्याच्याकडे होता. बोटाने अक्षरं मोठी करून त्याने माझ्यासमोर धरली. "ह्या बगा. कोकण. म्होरं काय लिवलासा? रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. ह्याच्यात वसई खंय आसा?"

"ती चूक आहे."

"कोणाची?"

"माझी."

तो हसला नाही. म्हणाला, "ताई वाईट नाय वो. गेल्या साली आमच्या एका पोराचो पगार अडाकलेलो, तेव्हा तिनाच अर्ज लिवन दिल्यान. पण कोकणाची पाळी पयल्यांदाच इली, आनी ती आमी दुसऱ्याक देवची?"

"ताई दुसरी आहे?"

"तुमीच लिवलात मा," तो म्हणाला. मग जरा खाली बघून, "आनी तुमी कमिटीत आमचो एक मानूस घेतंव म्हटलात. त्यांनी दोन घेतंव म्हणान सांगल्यानी."

मी युनियनवाल्याची मुलगी. जिथे दोन मिळतात तिथे एकावर थांब असं मी कुठल्या तोंडाने सांगणार? मी चहा संपवला. आजूबाजूच्या माणसांनी क्रिकेटवरून नजर काढून माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं, तशी मी बाहेर पडले.

काका गाडीत एसी चालू ठेवून बसले होते. "काय म्हणाला?"

"गेला."

"जाणारच." त्यांनी गाडी काढली. मुख्य रस्त्याला लागल्यावर, ट्रकच्या रांगेमागे अडकलो तेव्हा, म्हणाले, "मीही आज तुला सांगणारच होतो."

"काय?"

"मी पॅनल सोडत नाहीये. मी मंडळाबरोबर राहतोय."

"काका, म्हणजे कुठे?"

"सल्लागार समिती करतायत. तिचा प्रमुख." त्यांनी हॉर्न वाजवला, उगाच. "हबीबी, आकडे आपल्याकडे नाहीत. भांडून काय मिळणार? माणसं दुखावतात नुसती."

"ताईंना तुम्ही उभं केलंत. त्यांच्या घरी जाऊन."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"तीन आठवड्यांपूर्वीची!"

"तू लहान आहेस," काका म्हणाले, पण रागाने नाही. त्यांच्या आवाजात एक थकवा होता, आणि मला चीड आली ती त्याची. मला त्यांच्यात लबाडी सापडायला हवी होती. डिस्कव्हरी गार्डन्सला मला सोडताना त्यांनी काच खाली केली. "पोस्टरवरून माझा फोटो काढशील ना, तो मला पाठवून दे. चांगला आलाय. तिकडच्या पोस्टरला लागेल."

मी पाठवला. का पाठवला ते आजही सांगता येत नाही.

पुढच्या शनिवारी दुपारी मी ताईंकडे गेले. बस, मेट्रो, परत बस, दोन तास. वाटेत मी माफीची वाक्यं जुळवत होते. त्यांचा मुलगा सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता. ताई जेवणाच्या टेबलावर कोळंबी साफ करत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: तक्ता, कंस, मी न वाचता उतरवलेली यादी, फोरमनचा फोन. म्हटलं, "तुमच्याविरुद्ध जे चाललंय ते माझ्याच हातचं आहे, ताई."

"बस," ताई म्हणाल्या. "ममा, इट्स जस्ट अ मंडळ," मुलगा मान वर न करता म्हणाला. ताईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि आपल्या वसईच्या बोलीत काहीतरी सांगितलं. तो लॅपटॉप उचलून आत गेला.

"मला माहीत आहे," त्या मला म्हणाल्या.

"काय?"

"यादी. दोन वर्षांपूर्वी सभेत तू वाचलीस तेव्हाच कळलं. मी तुला विचारलं होतं."

मला आठवेना. मी तसं सांगितलं.

"जेवणाच्या रांगेत. मी भात वाढत होते. मी विचारलं, ह्यात आम्ही कुठे ग? तू म्हणालीस, 'ताई, तुम्ही तर सगळ्यांच्याच आहात.'"

कोळंबीची सालं एका वाटीत पडत होती. ताईंनी हे टोमणा म्हणून सांगितलं नव्हतं. कुणाच्या पगाराची तारीख सांगावी तसं सांगितलं होतं. मला ते वाक्य अजूनही आठवत नाही. पण ते माझंच आहे, हे ऐकताक्षणी पटलं. असं मी नक्की म्हणाले असणार, आणि वर मला बरंही वाटलं असणार.

"तेव्हाच भांडला का नाहीत?"

"कुणाशी? तुझ्याशी? इतकी खूश होतीस." त्या उठल्या, हात धुतले. "आता ऐक. काल सरांचा फोन आला होता."

रत्नागिरीच्या सरांनी निरोप दिला होता की ताईंनी माघार घ्यावी, निवडणूक बिनविरोध करू, ताईंना उपाध्यक्ष करू. अल मजाज आणि आसपासच्या वसईकरांची साठ-सत्तर मतं होती, आणि ती त्यांना विरोधात नको होती. मी तिथेच भडकले. म्हटलं, लढून हरू, पण विकलं जायचं नाही. चार उरलोय तर चार. माझ्या डोक्यात पुढच्या पत्रकाचा मथळासुद्धा तयार झाला होता.

"झालं तुझं?" ताई म्हणाल्या. "मी त्यांना सांगितलंय, उपाध्यक्षपद नको. यादीत चौथा विभाग पाहिजे. वसई आणि उत्तर कोकण. गणपतीत एक दिवस आणि अध्यक्षपदाची पाळी. ते मिळालं तर मी माघार घेते."

"पण तुमची पाळी कधी येणार? सर, मग देश, मग विदर्भ-मराठवाडा. सहा वर्षांनी. तुम्ही इथे असणार नाही."

"मी कुठे म्हटलं माझी?"

"मग तुम्हाला काय मिळालं?"

त्यांनी कढई गॅसवर ठेवली. तेल ओतता ओतता म्हणाल्या, "मी अध्यक्ष झाले असते तर सगळे म्हणाले असते, एकदा दिलं ना वसईला. परत कशाला?" आणि मग, "ठराव तू लिहायचास. तुला पटत नसेल तरी. कंस-बिंस नीट बघ."

त्यांच्या अटी दोन होत्या. सभेत आधी ठराव, मग माघार, उलट नाही. पगाराच्या खात्यात तीस वर्षं काढलेली बाई, शब्दावर माल देणार नव्हती. दुसरी अट, ठराव एकमताने व्हावा. मंडळाच्या घटनेत असं आहे की एकमत झालं तर बदल लगेच लागू होतो. तसं झालं नाही तर तोच ठराव पुढच्या वर्षीच्या सभेत पुन्हा पास करावा लागतो. "आणि पुढच्या वर्षी कोण कुणाचं?" ताई म्हणाल्या. सरांनी ते मान्य केलं. काकांनी मान्य केलं. फोरमनने सांगितलं की कोकणाची पाळी तशीच राहत असेल तर पाचवा विभाग घातलात तरी त्याचं काही म्हणणं नाही.

मी ठराव लिहिला. जिल्हे, तालुके, सगळं. माझ्या आयुष्यातलं हे पहिलंच लिखाण होतं ज्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. लिहून पाठवला आणि मनाशी ठरवलं की सभेत ह्याला मत द्यायचं नाही. विरोध करायचा नाही, कारण मागणी न्याय्य होती. पण ज्या सौद्यात ती मिळाली त्याला माझा हात लागणार नव्हता. मी तटस्थ राहणार होते. घरच्या शिकवणीला हे धरून आहे असं मला वाटलं.

जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी क्लबच्या हॉलमध्ये सभा होती. बाहेर अकरालाच डांबर तापलेलं. आत एसी इतका होता की बायकांनी ओढण्या अंगभर गुंडाळल्या होत्या. कामगारांची बस वेळेवर आली. ती माणसं इस्त्रीचे शर्ट घालून मागच्या रांगांत एकत्र बसली. काका व्यासपीठाच्या कडेला होते आणि त्यांनी मला प्रेमाने हात केला. ताई दुसऱ्या रांगेत माझ्या शेजारी, मांडीवर पर्स.

नागपूरच्या मावळत्या अध्यक्षांनी मला बोलावलं आणि मी ठराव वाचला. माइकमधून माझाच आवाज मला कंटाळलेला ऐकू आला. कुणी प्रश्न विचारला नाही. जे आठ दिवस फणसावरून भांडले होते ते फोन बघत होते.

"बाजूने?" अध्यक्ष म्हणाले. हॉलभर हात. मी जागेवर येऊन बसले होते. माझा हात मांडीवर.

"विरोधात?" कुणी नाही.

"तटस्थ?"

मी हात वर केला.

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हीच लिहिला ना बाप्पा हा?"

लोक हसले. काका हसले नाहीत. ते अध्यक्षांजवळ जाऊन कानाशी काहीतरी बोलले, मग चिटणीसांनी घटनेची प्रत उघडली. दोन मिनिटं पानं उलटली गेली. अध्यक्षांनी माइक जवळ घेतला. "एक मत तटस्थ आहे म्हणजे एकमत नाही. बहुमत झालं. मग ठराव पुढच्या वर्षी पुन्हा घ्यावा लागेल. तसंच नोंदवू?"

मी गृहीत धरलं होतं की तटस्थ म्हणजे विरोध नाही. मी पुस्तकं वाचली होती, पण मंडळाची घटना नाही, जिच्यातलं एक कलम मी स्वतः लिहिलेलं होतं. ताईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर फक्त एवढंच होतं की आता काय करायचं, माघार घ्यायची की नाही, हे त्यांना पुन्हा पहिल्यापासून ठरवावं लागणार होतं, आणि त्यांच्यात आता तेवढी ताकद नव्हती.

मी उभी राहिले. "मला मत बदलायचंय."

"मत दिलेलं असतं ते दिलेलं असतं," चिटणीस म्हणाले.

"अजून नोंदवलेलं नाही. मी ठरावाच्या बाजूने आहे."

मग मागच्या रांगेतून फोरमनचा आवाज आला, "बदलूंदे वो! ह्या वर्साक सगळ्यांनीच बदलल्यानी, तिनाच काय घोडा मारल्यान?"

ह्या वेळचं हसणं लांबलं. आमचे सोडून गेलेले सातही जण त्यात होते, अगदी मोकळेपणाने, मी आता त्यांच्यातली झाले म्हणून. काकांनी टाळी वाजवली. माझा हात वर होता, आणि चिटणीस मान हलवत लिहीत असेपर्यंत मी तो तसाच ठेवला, कारण खाली घेतला तर पुन्हा काहीतरी मोजलं जाईल अशी मला भीती वाटत होती.

"एकमताने," अध्यक्ष म्हणाले.

मग ताई उठल्या. पर्समधून घडी घातलेला कागद काढला. मी त्यांना सांगितलं होतं की माघारीचं खरं कारण लिहा, लोकांना कळू दे. त्यांनी लिहिलं होतं, 'प्रकृतीच्या कारणास्तव मी अध्यक्षपदाच्या निवडणुकीतून माघार घेत आहे.' वाचायला दहा सेकंदही लागले नाहीत. रत्नागिरीचे सर बिनविरोध निवडून आले, त्यांना शाल दिली गेली, ते ताईंना वाकून नमस्कार करायला आले आणि ताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. अठरा वर्षांत पहिल्यांदाच त्या सभेनंतर वाढायला उभ्या राहिल्या नाहीत. ताट घेऊन रांगेत लागल्या. मी त्यांच्या मागे होते. पुढे-मागे बायका विचारत होत्या, ताई, तब्येतीला काय झालं, आम्हाला कळवलंही नाहीत, डॉक्टर काय म्हणतात.

"होतं जरा," ताई प्रत्येकीला सांगत होत्या. "आता बरी आहे."